नाडकचेरीतला दाखला

प्रवेशाचे दिवस आले की भालकीसारख्या गावात नाडकचेरीच्या, म्हणजे महसूल कार्यालयाच्या, फेऱ्या सुरू होतात. घरी मराठी आणि शाळेत कन्नड बोलणारी पोरं कागदपत्रांची पिशवी घेऊन घटनेच्या ‘तीनशे एकाहत्तर-जे’ कलमाचा दाखला मागायला येतात. तो हाती असला की कल्याण कर्नाटकातल्या कॉलेजांमधल्या ७० टक्के जागांवर हक्क सांगता येतो. काँग्रेसनेते मल्लिकार्जुन खर्गे यांची कारकीर्द समजून घ्यायला या दाखल्यापासूनच सुरुवात करावी.

खर्गे याच तालुक्यातल्या वरवट्टीचे, जन्म १९४२चा. रझाकारांच्या धुमाकुळात घर जळालं. आई आणि बहीण गेली. वाचलेले बापलेक पुढे गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, स्थिरावले. वडिलांना कापड गिरणीत काम मिळालं. मुलगा वकील झाला आणि १९६९मध्ये एमएसके मिलच्या कामगार संघटनेचा कायदेशीर सल्लागार. काँग्रेसप्रवेशही त्याच वर्षीचा.

१९७२पासून गुरमिटकलने त्यांना सलग आठ वेळा निवडून दिलं, २००८ला चित्तापूरने नवव्यांदा. मग दोनदा गुलबर्ग्याची खासदारकी. लोक म्हणत ‘सोलिल्लद सरदार’, कधी न हरलेला सरदार. मुख्यमंत्रिपद मात्र हुकत राहिलं. २००४ला ते जेवर्गीच्या धरमसिंगांकडे गेलं, २०१३ला सिद्धरामय्यांकडे. खर्ग्यांनी पक्ष सोडला नाही.

पण पदांच्या यादीपेक्षा मला ३७१-जे मोठं वाटतं. १९५६ला निजामाचं राज्य तीन वाटण्यांत गेलं. मराठवाडा मुंबईकडे, तेलंगण आंध्राकडे आणि बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे. तेलंगणाला पुढे नोकरी-शिक्षणात घटनेचं संरक्षण मिळालं. आपला हा तुकडा, आजचा कल्याण कर्नाटक, उपेक्षितच राहिला. तशाच संरक्षणासाठी वैजनाथ पाटलांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर लढा दिला, त्यांना विसरून हा इतिहास सांगताच येणार नाही. दिल्लीत तो मुद्दा लावून धरला तेव्हा केंद्रात मंत्री असलेल्या खर्ग्यांनी. डिसेंबर २०१२मध्ये संसदेने ३७१-जेची घटनादुरुस्ती मंजूर केली. कामगारमंत्री म्हणून त्यांनी कलबुर्गीत कामगार विम्याचं मेडिकल कॉलेजही आणलं. गिरणी कामगाराच्या मुलाने ते आणावं, याचं मोल मला फार वाटतं.

२०१९ला गुलबर्ग्यानेच त्यांना पाडलं, तेही पक्ष सोडून गेलेल्या उमेश जाधवांसमोर, ९५ हजारांवर मतांनी. पुढे राज्यसभा आणि २०२२ला काँग्रेसचं अध्यक्षपद. २०२४ला तीच जागा जावई राधाकृष्ण दोड्डमनी यांनी परत जिंकली. मुलगा प्रियांक राज्यात मंत्री. सत्ता घरातच राहिली, ही टीका रास्त आहे. कार्यकर्त्यांची एक पिढी वाट बघत थांबली.

सीमेपलीकडे उदगीरला, एकाच निजामाच्या राज्यातून आलेल्या भावंडांच्या घरी, हा दाखला नाही. मराठवाड्यासाठी ३७१(२) कलम कितीतरी आधीपासून आहे, पण त्यातून मिळालं ते विकास मंडळ, आणि त्याचीही मुदत एप्रिल २०२०मध्ये संपली.