टोनरची काळी पूड कोणाच्या छातीत जाते?

झेरॉक्सच्या दुकानात कार्ट्रिज रिफिल करणारा मुलगा काम कसं करतो, ते कधी निरखून पाहा. झाकण उघडायचं, वापरून उरलेली पूड रद्दीच्या कागदावर ओतायची, ड्रम कापडाने पुसायचा, फुंकर मारायची आणि नरसाळ्याने नवी पूड भरायची. तोंडावर बहुधा रुमालही नसतो. टोनरच्या धोक्याबद्दल बोलायचं तर आधी त्याच्याबद्दल बोलायला हवं.

टोनर म्हणजे वाळवलेली शाई नव्हे. त्यात बहुतांश प्लॅस्टिकच असतं, स्टायरीन-अ‍ॅक्रिलेट किंवा पॉलिएस्टर. रंगासाठी काजळी, शिवाय मेण आणि सिलिका. काही टोनरमध्ये लोहाचं ऑक्साइडही असतं. कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचे. यातले बारीक कण नाकात न अडकता खोल फुप्फुसापर्यंत पोचतात.

मग ही पूड विषारी आहे का? रूढ अर्थाने नाही. प्रयोगशाळेत उंदरांना दोन वर्षं टोनरची धूळ हुंगायला लावली, तेव्हा कर्करोगाच्या गाठी वाढल्या नाहीत. पण सर्वांत जास्त मात्रेत फुप्फुसांची स्वतःला साफ करण्याची क्षमता मंदावली आणि आत तंतुमय जाडपणा आला. म्हणजे सगळा प्रश्न मात्रेचा. महिन्यातून एकदा कार्ट्रिज बदलणाऱ्या कारकुनाने घाबरण्याचं कारण नाही. रोज ढिगाने कार्ट्रिज उघडणाऱ्याचं गणित वेगळं. काजळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘मानवात कर्करोगकारक असू शकेल’ अशा 2बी गटात ठेवलं आहे, तेही विसरू नये.

1980च्या सुमारास अमेरिकेत एक प्रकार उघडकीस आला. काही छायाप्रतींतून काढलेल्या अर्काने जिवाणूंच्या जनुकांत बदल होऊ लागले. मूळ शोधलं तेव्हा दोष काजळीत सापडला: ती बनवताना नायट्रोपायरीन नावाची अशुद्धी त्यात राहत होती. काजळी बनवण्याची पद्धत बदलली आणि प्रश्न सुटला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. टोनरची निर्धोकता अशा तपासणीवर उभी आहे. ज्या बाटलीवर निर्मात्याचं नाव नाही, घटक नाहीत, सुरक्षा-माहितीपत्रक नाही, तिची हमी कोण देणार? रिफिलसाठी स्वस्त सुटी पूड घेणाऱ्या दुकानदाराने हा प्रश्न पुरवठादाराला विचारलाच पाहिजे.

छपाई चालू असताना हवेत जातं ते बहुतेक वेगळं. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात लिडिया मोरावस्का यांच्या गटाने 62 प्रिंटर तपासले. त्यांपैकी 17 अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात सोडणारे निघाले. हे कण मुख्यतः तापलेल्या भागातून उडालेल्या वाफा थिजून बनतात. खोलीत वारा खेळता ठेवला तर त्यांचं प्रमाण उतरतं.

सांडलेली पूड झाडूने उडवू नका, फुंकू नका. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको. इतके बारीक कण साध्या गाळणीतून पार होऊन पुन्हा हवेत येतात आणि मोटरच्या ठिणगीने पेटूही शकतात. हवेत उडालेली कोणतीही ज्वालाग्राही धूळ भडका घेऊ शकते. ओल्या कापडाने टिपून घ्या. हात गार पाण्यानेच धुवा, गरम पाण्याने प्लॅस्टिक मऊ होऊन त्वचेला चिकटतं. कपड्यांवर पडली तर बाहेर नेऊन हळूच झटका.

रिफिलच्या टेबलाशेजारी बाहेर हवा फेकणारा पंखा, एन-95 मास्क, हातमोजे आणि उरलेल्या पुडीसाठी घट्ट बांधायची पिशवी, एवढं तरी असावं. हा खर्च मालकाने करायचा, मुलाच्या पगारातून नव्हे. रिकामी कार्ट्रिजं जाळायची नाहीत. ती ई-कचऱ्यात द्यायची.