जावा रिपोर्ट सर्व्हर आणि सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट

जॅस्परसारख्या जावावर चालणाऱ्या रिपोर्ट सर्व्हरवर अहवाल उघडायला जावे आणि पानाऐवजी 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' अशी लांबलचक ओळ दिसावी, याचे कारण बहुधा एकच असते. ज्या सर्व्हरकडून अहवालाला आकडे किंवा बोधचिन्ह घ्यायचे आहे, त्याचे सर्टिफिकेट जावाच्या ओळखीचे नसते. नेटवर्क चालू असते, पासवर्डही बरोबर असतो. केबल काढून-घालून पाहण्यात गेलेला वेळ वायाच जातो.

सर्टिफिकेट दोन कामे करते. मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याची सोय करते आणि समोरचा सर्व्हर तोच आहे याची हमी देते. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेटमध्ये पहिले काम चोख होते, दुसरे अडते. रहिवासी दाखल्यावर तहसीलदाराऐवजी अर्जदारानेच सही करावी, तसा हा प्रकार. मजकूर खरा असेलही, पण त्याला दुजोरा देणारा कोणी नाही.

तरीही अशी सर्टिफिकेटे वापरली जातात, ती केवळ हलगर्जीपणामुळे नव्हे. नंदुरबारसारखा जिल्हा घ्यावा. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आहेत. त्यांपैकी धडगाव आणि अक्कलकुवा सातपुड्याच्या डोंगरात. मुख्यालयातला रिपोर्ट सर्व्हर फक्त कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यावर असेल, तर तालुक्यातले संगणक त्याच्यापर्यंत १९२.१६८ने सुरू होणाऱ्या खासगी पत्त्यावरून पोहोचतात. असा पत्ता जगात असंख्य ठिकाणी वापरात असतो, त्यामुळे कोणतीही सार्वजनिक प्रमाणन संस्था त्याची हमी देऊ शकत नाही. प्रमाणन संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्यांच्या सीए/ब्राउझर फोरमच्या नियमांनुसार अंतर्गत नावांची उरलीसुरली सर्टिफिकेटेही १ ऑक्टोबर २०१६पर्यंत रद्द करायची होती. अशा सर्व्हरला स्वतःचे सर्टिफिकेट स्वतःच तयार करावे लागते.

"ब्राउझरमध्ये तर उघडतं!" ही तक्रार इथे हमखास ऐकू येते. ब्राउझर इशारा देतो आणि माणूस 'पुढे जा' दाबून मोकळा होतो. रात्री आपोआप चालणाऱ्या अहवालासमोर बटण दाबायला कोणी बसलेले नसते. जावा सरळ जोडणी तोडते. शिवाय विश्वासू संस्थांची जावाची यादी वेगळी असते. 'सीएसर्ट्स' नावाच्या फाइलमधली ही यादी विंडोजच्या यादीशी आपोआप जुळत नाही.

याद्या वेगळ्या असल्याचा परिणाम भारताने २०१४मध्ये पाहिला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांच्या मूळ सर्टिफिकेटाखाली काम करणाऱ्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाली. २ जुलैला गूगलच्या ते लक्षात आले. दुसऱ्या दिवशी नियंत्रकांनी एनआयसीची मधली सर्टिफिकेटे रद्द केली. हे भारतीय मूळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्याने त्या यादीवर विसंबणाऱ्या विंडोजवरील प्रोग्रामना धोका होता. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नव्हतेच, म्हणून तो सुटला. एकाच संगणकावर दोन प्रोग्राम एकाच सर्टिफिकेटबद्दल वेगळे उत्तर देतात, ते यामुळे.

दुरुस्तीत पहिला प्रश्न 'कोणती जावा?' हा आहे, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. एका यंत्रावर दोन-तीन जावा सहज सापडतात: एक सर्वसाधारण वापराची, एक रिपोर्ट सर्व्हरसोबत आलेली, एक रिपोर्टचा आराखडा करणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातली. आराखड्यात अहवाल दिसतो आणि सर्व्हरवर दिसत नाही, याचा उलगडा अनेकदा इतकाच असतो. चालू प्रक्रिया कोणत्या फोल्डरातली जावा वापरते ते टास्क मॅनेजरमधून पाहावे. आवृत्ती ८पर्यंत यादी 'जेआरई'च्या आतल्या 'लिब'मधील 'सिक्युरिटी'त असते, ९पासून थेट जावाच्या 'लिब'मधील 'सिक्युरिटी'त.

मग समोरच्या सर्व्हरचे सर्टिफिकेट फाइलमध्ये उतरवून घ्यावे. ते यादीत घालण्यापूर्वी त्याचा एसएचए-२५६ ठसा, म्हणजे ६४ अक्षर-अंकांची ओळ, सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन करून पडताळावा. कंटाळवाणे काम आहे, पण दुजोरा देणारी बाहेरची संस्था नसताना तो देणारा हा फोनच असतो. नंतर जावासोबतच येणाऱ्या 'कीटूल'च्या आयात आदेशाने ते यादीत घालावे. यादीचा मूळ पासवर्ड 'चेंजइट' असतो. सर्व्हर पुन्हा सुरू केल्याशिवाय बदल लागू होत नाही.

जावा अद्ययावत केली की नवी यादी येते आणि आयात पुसली जाते. म्हणून वेगळी यादी करून तिचा पत्ता 'ट्रस्टस्टोअर' या पर्यायाने देण्याची पद्धत आहे. मात्र हा पर्याय मूळ यादीत भर घालत नाही, तिची जागा घेतो. नवी यादी मूळ यादीची प्रत काढून तिच्यावरच बेतली नाही, तर बाहेरच्या संकेतस्थळांशी असलेल्या चालू जोडण्या तुटतात.

आयातीनंतर त्रुटीचे शब्द बदलले, तर ती प्रगतीच समजावी. 'नो सब्जेक्ट अल्टरनेटिव्ह नेम्स' असे आले, तर ओळख पटली आहे, पण सर्टिफिकेटवरचा पत्ता आणि वापरलेला पत्ता जुळत नाही. नवे सर्टिफिकेट करताना आयपी पत्ता पर्यायी नावांत घालावा लागतो. मुदतही तेव्हाच ठरवावी. काहीच सांगितले नाही तर 'कीटूल' ९० दिवसांची मुदत देते. मग ब्राउझर कुरकुरू लागतो, कोणीतरी नवे सर्टिफिकेट बसवते आणि जावाकडे जुनेच राहिल्याने पहिली त्रुटी परत येते.

सगळी तपासणीच बंद करणारा चार ओळींचा कोडही प्रचारात आहे. त्याने त्रुटी जाते, पण मध्ये बसून सर्व्हर असल्याची बतावणी करणाऱ्यालाही जावा तितक्याच आनंदाने पासवर्ड देते. चाचणीच्या यंत्रावरही तो टाळलेला बरा, कारण तिथला कोड पुढे कामाच्या यंत्रावर जातोच.

सर्व्हर अनेक असतील, तर कार्यालयाचे एक अंतर्गत मूळ सर्टिफिकेट करून बाकीची त्याच्या सहीने द्यावीत. प्रत्येक जावात ते मूळ एकदाच घालावे लागते. या रचनेत जावा मुदतीच्या तारखा काटेकोर तपासते. बोर्डावरची बॅटरी संपलेला संगणक वीज जाऊन आल्यावर काही वर्षे मागे गेलेला असेल, तर 'नॉट यट व्हॅलिड' असा शेरा येतो, आणि तिथे सर्टिफिकेट नव्हे, घड्याळ दुरुस्त करायचे असते.