परसातली सातेरी

धडगाव, अक्कलकुव्याकडे मध म्हटला की उंच झाडावरचं नाहीतर कड्यावरचं आग्यामोहोळ डोळ्यांसमोर येतं. रात्री धूर करायचा, माश्या उठवायच्या आणि पोळं कापून आणायचं. या कामाला छाती लागते, यात शंका नाही. पण पोळं हातानं पिळलं की मधाबरोबर अळ्या, पराग, सगळंच पिळून निघतं. असा मध लवकर आंबतो, आणि ज्या माश्यांनी तो साठवला त्यांची पुढची पिढी कापली जाते ती वेगळीच.

मग ही आग्यामाशीच पेटीत पाळता येणार नाही का? नाही येत. ती उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि फुलोरा संपला की दूर निघून जाते. झुडपात छोटं पोळं करणारी फुलोरी माशीही पेटीत राहत नाही. पेटीत राहते ती सातेरी. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी अशा अंधाऱ्या जागी ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते; म्हणूनच ती लाकडी चौकटीत बसवता येतात. पाश्चात्त्य मेलिफेरा माशी मध जास्त देते खरी, पण तिला फुलोराही तसाच मोठा लागतो. पेट्या गाडीत घालून पिकांमागे हिंडायची तयारी नसेल, तर परसात सातेरीच बरी.

पेटीचे दोन कप्पे असतात. खालच्या कप्प्यात राणी अंडी घालते आणि पिल्लं वाढतात, वरच्यात कामकरी माश्या जादा मध साठवतात. आपला हक्क फक्त वरच्या कप्प्यावर, एवढं सुरुवातीलाच मनाशी ठरवून टाकावं. नंदुरबारचा उन्हाळा कडक, तेव्हा पेटी निंबाच्या किंवा आंब्याच्या सावलीत ठेवावी. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळ पाण्याचं उथळ भांडं असावं आणि त्यात बसायला चार खडे.

सुरुवात पावसाळा संपल्यावर करावी. तेव्हा नवापूरकडची तूर फुलायला लागते, पुढे आंब्याचा मोहोर येतो, नंतर मोह. मध काढायची वेळ चौकट उचलून बघितली की कळते. माश्या पिकलेल्या मधाच्या घरांना मेणाची झाकणं लावतात. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग तरी असा झाकलेला हवा. उघड्या घरांतला मध पातळ असतो. पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबण्याची भीती. झाकणं सुरीनं कापायची आणि चौकट मधयंत्रात फिरवायची. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं, ते परत पेटीत. मेण तयार करायला माशीला पुष्कळ मध खर्ची घालावा लागतो, तो वाचतो.

खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये. बाहेर झड, फुलं नाहीत. उन्हाळ्यात सगळा मध काढून घेतलेला असेल तर सातेरी उपाशी राहते, दुबळ्या पेटीत मेणकिडा शिरतो आणि एके दिवशी सगळा थवा पेटी सोडून जातो. अशा वेळी साखर आणि पाणी सारखं घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मध काढूच नये. बाटली वर्षभर उशिरा भरली तरी चालेल, माश्या पावसाळ्यातून तगल्या पाहिजेत.

हे सगळं पुस्तक वाचून येत नाही, हातात चौकट धरावी लागते. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्याच तालुक्यातलं मांघर 2022 मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मिळतं, साहित्याला निम्मं अनुदानही असतं. जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

आणि शेजारच्या शेतकऱ्याशी आधी बोलून घ्यावं. कापसावर, मिरचीवर सकाळी औषध फवारलं तर चरायला गेलेल्या माश्या परत येत नाहीत. फवारणी माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना करावी आणि आदल्या दिवशी कळवावं, एवढी विनंती करायला हरकत नाही. मध निघाला की पहिली बाटली त्याच्याकडे पोचवावी.