होडीला भोक नको

मालवणच्या किनाऱ्यावर माझ्या मामाची फायबरची होडी आहे. मासे शोधण्याचे यंत्र घेऊन मी मुंबईहून तिथे गेलो, ते २०१४ च्या ऑक्टोबरात. मामाने खोके उघडले, पडदा उलटासुलटा करून पाहिला आणि सोबतच्या स्क्रूंची पुडी माझ्या हातात परत दिली.

"मशीन हाडलंस ता बरा केलंस. पण होडयेक भोक पाडूक मी देवचंय नाय."

यंत्राबरोबर साबणाच्या वडीएवढा एक ठोकळा येतो. त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. मामा त्याला 'कान' म्हणतो. तो होडीच्या मागच्या फळीला, पाण्याच्या रेषेखाली, स्क्रूने बसवावा असे पुस्तिकेत लिहिलेले असते. पण मामाची आधीची लाकडी होडी एका सैल झालेल्या बोल्टाने जवळजवळ बुडवली होती. चौघांनी किनारा येईपर्यंत पाणी उपसले होते. या होडीचे बँकेचे हप्ते तर अजून चालू होते. फायबरच्या थरांत एकदा पाणी शिरले, आत लाकूड असले तर ते कुजत जाते आणि बाहेरून काही दिसत नाही. मी निमूटपणे ड्रिल पिशवीत ठेवले.

हा 'कान' बोलतो आणि ऐकतोही. त्याच्या आतली चकती विजेने थरथरते, आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडते आणि प्रतिध्वनी परत यायची वाट पाहते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. तीस मीटर खोलीवरून तो परत येतो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. जपानमध्ये फुरुनो बंधूंनी १९४८ साली मच्छीमारांसाठी असे यंत्र बाजारात आणले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. आवाज सर्वांत जोराने परततो तो हवेवरून. बहुतेक माशांच्या पोटात हवेचा एक फुगा असतो, आणि पडद्यावर दिसतो तो मुख्यतः हा फुगाच. मुशीला तो नसतो, म्हणून ती नीट दिसत नाही.

भरीव फायबरमधून मात्र आवाज बऱ्यापैकी आरपार जातो. म्हणजे 'कान' होडीच्या आतून तळाला चिकटवला तरी चालते. अट एकच: मध्ये हवा नको. दोन थरांमध्ये फोम किंवा प्लायवूड भरलेले असेल तर ही युक्ती फसते. लाकडी होडीतही फसते.

आधी खात्री केली. होडी पाण्यात नेऊन आत तांब्याभर पाणी ओतले आणि ठोकळा त्यात हाताने दाबून धरला. पडद्यावर तळाची जाड रेघ आली. मामा खूश. मग होडी वर ओढून, जागा घासूनपुसून, दोन नळ्यांतले इपॉक्सी मिसळून मी ठोकळा चिकटवला. घाईत ते मिश्रण मी चमच्याने पिठल्यासारखे घोटले. दुसऱ्या दिवशी होडी पाण्यात उतरवली, तर पडदा कोरा.

"समुद्र खंय गेलो रे?" मामाने विचारले.

समुद्र जागेवर होता. घोटताना इपॉक्सीत शिरलेले बुडबुडे ठोकळ्याखाली अडकले होते. आवाज त्यांवरच आपटून माघारी येत होता. ज्या हवेने मासा दिसतो, तिनेच आम्हाला आंधळे केले. लाकडी मोगरीने हलके ठोके देत ठोकळा सोडवायला अर्धा दिवस गेला. प्रत्येक ठोक्याला मामा माझ्याकडे नव्हे, होडीच्या तळाकडे पाहत होता. त्या दिवशी तळाला तडा गेला असता तर भोक परवडले असते.

मग दुसरा मार्ग धरला. जाड पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला. होडीचा तळ तिथे उतरता होता, म्हणून पाइपचे खालचे तोंड त्याच उताराने कापले. 'कान' सरळ खाली बघायला हवा ना! पाइप तळाला चिकटवून ते भांडे तेलाने भरायचे आणि ठोकळा त्यात बुडवायचा. बुडबुडे आपोआप वर येतात. मामीने खोबरेल पुढे केले, पण ते थंडीत थिजते. मग एरंडेल आणले. पाणबुड्यांच्या सोनारमध्येही एरंडेल वापरतात, हे सांगितल्यावर मामीने माझ्याकडे असे पाहिले की पुढचे मी बोललो नाही.

या वेळी रेघ आली. पडदा १४ मीटर म्हणाला. मामाने शिशाचा गोळा बांधलेली जुनी दोरी सोडली आणि हात पसरून मोजली. आठ वाव, किंचित कमी. त्याने दोरी पुन्हा सोडली, पुन्हा मोजली, मग पडद्याकडे बघून मान हलवली.

या पद्धतीत थोडा आवाज तळातच जिरतो. अतिखोल पाण्यात ते जाणवेल. मामाच्या रोजच्या पट्ट्यात जाणवत नाही. पाण्याचे तापमान मात्र खोटे येते, कारण ठोकळा एरंडेलाचे तापमान सांगतो. मामा ते वाचतच नाही.

आठवड्याभरात शेजारचा एक नाखवा पाइपचा तुकडा घेऊनच आला. त्याच्या होडीत हाताने दाबून पाहिले, काहीच दिसेना. आत प्लायवूड निघाले. त्याला आम्ही लोखंडी नळी होडीच्या कडेला शिकंज्याने आवळून, तिच्या खालच्या टोकाला ठोकळा बांधून दिला. वेगात जाताना नळी वर उचलायची, जाळे टाकायच्या जागी पोहोचले की खाली सोडायची. दर वेळी उचलायला विसरतो, अशी त्याची तक्रार अजून असते.