वत्सगुल्माच्या कारभाऱ्याचे घराणे

विल्यम मार्शल हा मध्ययुगीन इंग्लंडमधला मोठा सरदार. तो 1219 मध्ये वारला, तेव्हा थोरल्या मुलाने बापाचे चरित्र पद्यात लिहवून घेतले. एकोणीस हजारांहून जास्त ओळींचे ते काव्य आज एकाच हस्तलिखितात शिल्लक आहे. मार्शलला पाच मुलगे होते. पाचही एकामागून एक वारसाविना गेले आणि 1245 मध्ये घराण्याची पुरुषशाखा संपली. राहिले ते मुलाने करवून घेतलेले बापाचे वर्णन.

मार्शलच्या सातशे वर्षे आधी आपल्या वाशीमच्या दरबारातल्या एका मुलाने हेच केले होते. त्याने मात्र कातडी पाने घेतली नाहीत, डोंगराचा खडक घेतला. त्या मुलाचे नाव वराहदेव, बापाचे हस्तिभोज.

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सर्वसेनाने ही शाखा सुरू केली. तो नुसता राजा नव्हता. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याचे, आणि पुढच्या साहित्यशास्त्रकारांनी ते मानाने उल्लेखिले. या भूमीचा लौकिक असा की, साहित्यशास्त्रकार राजशेखराने आपल्या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावले तेही वत्सगुल्मातच. सर्वसेनाच्या वंशात पुढे देवसेन आणि हरिषेण झाले. देवसेनाचा काळ आपल्याला नेमका कळतो, कारण वाशीमजवळच्या हिस्से-बोराळ्याच्या शिलालेखात शक 380, म्हणजे इ. स. 457-58, असे वर्ष कोरलेले आहे. देवसेनाच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ तलाव बांधल्याची ती नोंद. वाकाटकांच्या लेखांत शक वर्ष सांगणारा एवढा एकच.

याच देवसेनाचा मंत्री हस्तिभोज. राज्याचा सगळा भार त्याच्यावर टाकून राजा सुखोपभोगात रमला, असे वराहदेवाचा अजिंठ्याचा लेख उघडपणे सांगतो. मंत्र्याच्या मुलाने हे लिहवून घेतले आणि तेही राजघराण्याच्या स्तुतीच्या पोटात! हस्तिभोजाबद्दल लेखाचा सूर मात्र मायेचा आहे: प्रजेला तो आईबापांसारखा, सख्यासारखा वाटे, असा त्याचा आशय. स्तुतिपर लेखात थोडी वाढ असणारच. तरी शौर्याच्या जोडीने कारभाऱ्याच्या लोकप्रियतेला एवढी जागा द्यावी, हे मला विलक्षण वाटते. देवसेनामागून हरिषेण आला आणि हस्तिभोजाच्या जागी वराहदेव.

वराहदेवाने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. व्हरांड्याबाहेरच्या डाव्या भिंतीवर त्याचा संस्कृत लेख आहे. आधी वाकाटकांची वंशावळ, मग मंत्र्यांची, मग लेण्याचे वर्णन: खिडक्या, दारे, चित्रशाळा, अप्सरांच्या मूर्ती, खांब, जिने, आत बुद्धाचे मंदिर, पाण्याचे टाके आणि नागराजाचे स्थान. आजही सोळाव्या लेण्याकडे चढताना दगडी हत्ती भेटतात आणि वर बसलेला नागराज दिसतो. लेखातले वाक्य आणि समोरचा दगड असे जुळतात तेव्हा पंधराशे वर्षांचे अंतर क्षणभर उरत नाही. हे सारे कशासाठी? आयुष्य, तारुण्य, संपत्ती टिकत नाही हे जाणून, आईवडिलांच्या पुण्यासाठी.

घराण्याची पाळेमुळे मात्र इथे नाहीत. ती पाहायची तर सिल्लोड तालुक्यात जंजाळ्याजवळच्या घटोत्कच लेण्याकडे जावे लागते. तिथला लेखही याच मंत्रिकुळाचा; आता बराच झिजला आहे. त्यात कूळ सांगितले आहे वल्लूर ब्राह्मणांचे. यज्ञपती, देव, सोम असे पूर्वज येतात. सोमाने ब्राह्मण स्त्रियांबरोबर एका क्षत्रिय स्त्रीशीही लग्न केले. ब्राह्मण पत्नींची मुले वेदविद्येत गेली; क्षत्रिय पत्नीचा मुलगा रवी राज्यकर्ता झाला आणि त्याच्या वंशात काही पिढ्यांनी हस्तिभोज जन्मला. आज ज्याला आंतरजातीय विवाह म्हणतो, तो या घराण्याने लपवला नाही. मोठेपणाच्या वंशावळीत, सर्वांनी वाचावे असा कोरला. शिवाय वेदविद्येचा वारसा सांगणाऱ्या या कुळाने विहार बांधला तो बौद्ध भिक्षूंसाठी. मात्र त्या क्षत्रिय स्त्रीचे नाव लेखात वाचायला मिळत नाही, आणि जिच्या पुण्यासाठी सोळावे लेणे खोदले त्या आईचेही नाही. नंदिवर्धनच्या वाकाटक शाखेत प्रभावतीगुप्ता स्वतःच्या नावाने ताम्रपट देत होती, हे आठवले की ही उणीव जास्तच टोचते.

राजे आणि मंत्री यांचे हे नाते उलगडले, त्यात वाशीमचा वाटा मोठा आहे. अजिंठ्याच्या लेखातली काही नावे झिजली होती. एकोणिसाव्या शतकातल्या वाचनात एक नाव पृथिवीषेण असे लावले गेले. 1939 मध्ये वाशीमला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचे ताम्रपट सापडले. त्याच्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून दिलेले, काही संस्कृत, काही प्राकृत. त्यांतून वत्सगुल्माची शाखा वेगळी होती हे प्रथमच कळले. मग इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी अजिंठ्याची भिंत नव्याने वाचली, आणि पृथिवीषेणाच्या जागी विंध्यसेन, म्हणजे हाच विंध्यशक्ती, उभा राहिला. विदर्भातल्या तांब्याच्या पत्र्यांनी अजिंठ्याच्या दगडाच्या वाचनातली चूक दुरुस्त केली.

हरिषेणानंतर ही सत्ता फार टिकली नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तल्या विश्रुताच्या कथेत तिच्या पडझडीची सावली आहे, असे मिराशींचे मत होते. वराहदेवाचे पुढे काय झाले, त्याला मुले होती का, हे कोणताच लेख सांगत नाही.

वाशीमकरांनी अजिंठ्याला जाताना एवढे करावे. चित्रांकडे वळण्याआधी सोळाव्या लेण्याच्या व्हरांड्याबाहेर, डाव्या भिंतीपाशी थांबावे. बरोबरच्या मुलांना ती झिजलेली अक्षरे दाखवावी आणि सांगावे, हे ज्याने कोरवले तो आपल्या गावच्या राजाचा कारभारी होता.