गादी, मांसल कोंबड्यांची

मांसल कोंबड्यांच्या घरातील जमिनीवर पसरलेल्या, ओलावा शोषणाऱ्या पदार्थांच्या थरास गादी म्हणतात. नवी मुंबईलगतच्या पनवेल व उरण तालुक्यांत भात हे प्रमुख पीक असल्याने गादीसाठी भाताचे तूस सोयीचे असते. लाकडाचा भुसाही वापरतात. पिलांसाठी सु. ५ ते ७ सेंमी. जाडीचा थर देतात.

गादी कोरडी ठेवणे हे स्वच्छतेचे मर्म होय. तिच्यातील ओलावा सामान्यतः २० ते २५ टक्के असावा. तो वाढल्यास विष्ठेतील यूरिक अम्लाचे सूक्ष्मजंतूंमुळे विघटन होऊन अमोनिया वायू सुटतो व पिलांचे डोळे आणि श्वसनमार्ग यांना इजा होते. तळव्यांवर व्रण पडतात. रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडीही ओल्या, उबदार गादीत संसर्गक्षम होतात. मूठभर गादी दाबल्यावर घट्ट गोळा झाल्यास ती ओली समजावी. अतिशय कोरड्या गादीची मात्र धूळ उडते.

कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये हवा दमट असल्याने गादी वारंवार खालीवर करतात, पाण्याच्या भांड्यांभोवतीचा भिजलेला भाग काढून तेथे कोरडे तूस घालतात आणि हवा खेळती ठेवतात. केवळ पडदे बंद करून पाऊस अडविल्यास अमोनिया आतच साचतो. पिले विकल्यानंतर काढलेली गादी कुजवून खत म्हणून वापरतात.