शिकरणाचे शिकलेले भावंड

फ्रूट सॅलड हे आपल्या शिकरणाचेच शहरात शिकून आलेले भावंड! त्यातील कस्टर्ड पावडर बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ साली अंडे न सोसणाऱ्या पत्नीसाठी तयार केली. मक्याच्या पिठाची म्हणून ती आपल्या पंगतीलाही चालली. लिटरभर दुधाला दोन मोठे चमचे पुरेत. मात्र आधी गार दुधात कालवावी, नाहीतर गुठळ्या होतात. साखरेचे प्रमाण साखर कारखान्याच्या सोनईला काय सांगावे! दूध पुरते निवल्यावरच फळे घालावीत. आंबट संत्र्याने दूध फाटते, ताज्या अननसाने कडवट होते. म्हणून अननस पाकात उकळून घ्यावा. केळी शेवटी. निरोपसमारंभाच्या वर्गणीचे पातेले नासले, तर शेवटच्या बाकावरच्या मित्राची वाटी रिकामी राहते.